निळ्या पंपांची बेरीज

संगणक दवाखान्यात आला तेव्हा
नको असलेल्या जावयाशी वागावं तसा मी त्याच्याशी वागलो.
पंचवीस वर्षं पुठ्ठ्याच्या फायली होत्या माझ्या
आणि माझं अक्षर, जे फक्त मला आणि डोरीनला लागायचं.
न्यूफाउंडलंडच्या या एका खाडीवरच्या साडेसहाशे छात्या
मी कानाने ओळखतो, असं मला वाटायचं.

लोरेटा कीपिंग, वय सत्तेचाळीस.
खेकड्यांच्या कारखान्यात, उकळत्या हौदाच्या बाजूला, एकोणीस वर्षं.
माझं टिपण: दमा. बरा आहे. पंप दिला.
पुढच्या वर्षी: दमा. बरा आहे. पंप दिला.
ती दारातूनच म्हणायची, "काही नाही डॉक्टर, नेहमीचंच,"
आणि मी नेहमीचंच लिहून द्यायचो.

एप्रिलातला मंगळवार. खाडीतला बर्फ अजून हटला नव्हता.
पडद्याच्या कोपऱ्यात लाल चौकोन उगवला:
निळे पंप, बारा महिन्यांत, अकरा.
नारिंगी पंप, बारा महिन्यांत, एक.
बस. ना आवाज, ना आरोप.
वाण्याच्या पोराने वहीच्या मागच्या पानावर केली असती
अशी ही बेरीज
मी एकदाही केली नव्हती,
कारण अकरा पंप अकरा वेगळ्या दिवशी आले होते
आणि दर वेळी बाहेर आणखी कुणीतरी खोकत बसलं होतं.

चौकोनाखाली प्रश्न होते. कपाळावरचा चष्मा खाली ओढून
मी ते वाचले, जरा ओशाळूनच.
रात्री जाग येते?
"येते."
किती वेळा?
"मोजायची असते का ती?"
जिना चढताना थांबावं लागतं?
"जिना कुठला, मी खालीच झोपते. कोचावर. दोन वर्षं झाली."

नाताळात तिच्या घरी मी केक खाल्ला होता,
त्याच कोचावर बसून.

शेवटचा प्रश्न मी आजवर कुणालाच विचारला नव्हता:
कामावर नसता तेव्हा श्वास बरा असतो का?
ती खिडकीबाहेर पाहू लागली,
जिथून कारखान्याची वाफ दिसते.
"वादळामुळे होड्या आठ दिवस धक्क्यालाच होत्या ना,
तेव्हा मी धुणं वाळत घालताना गात होते.
गॉर्ड म्हणाला, काय झालंय तुला?"

तीन आठवडे तिने नळीत फुंकर मारली, आकडे आणले.
यंत्राने त्यांची रेघ काढली:
रविवारी वर, मग खाली, खाली, खाली,
खेकड्याच्या नांगीसारखी दातेरी.
खाली सभ्य अक्षरांत सल्ला: संपर्क टाळावा.

"टाळते की," लोरेटा म्हणाली. "चौदा आठवडे भरले की टाळते.
त्याआधी टाळला तर हिवाळ्यात भत्ता कोण देणार? हा?"
आणि हनुवटीने तिने पडद्याकडे खूण केली.

याला चौकोन नव्हता.
होता तो 'इतर', त्यात दोनशे अक्षरं मावतात.
दोन बोटांनी मी लिहीत गेलो, आणि बोटीचं कर्ज लिहिताना
जागा संपली.

मुकादम हेडलीला फोन केला. एकदा, मग चिडून परत.
जूनमध्ये तिला पॅकिंगला हलवलं, वाफेपासून लांब,
तासाला चाळीस सेंट कमी.
नारिंगी पंप ती घेते म्हणते. आठवला की.
रेघ अजून दातेरीच आहे, दात थोडे बोथट.

त्या रात्री डोरीन गेल्यावर मी त्याला पहिल्यांदा
आपणहून काही विचारलं:
सहापेक्षा जास्त निळे पंप, अशी सगळी माणसं दाखव.
चौतीस नावं आली.
सतरावं सिरिल पार्डीचं. त्याला आम्ही मार्चमध्ये पुरलं.
दाखल्यावर मी 'हृदय' लिहिलं होतं.
कर्सर त्या नावाशी लुकलुकत राहिला.
त्याने काही विचारलं नाही.

सकाळी डोरीनला यादी दिली. म्हटलं, वरून फोन लाव.
आणि 'काही नाही, नेहमीचंच' म्हणाले
तर म्हणावं, तरी या.